जावयाने डब्यात हात घातला

आमचे जावई लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहेत. तिथे त्यांना सगळे 'नाक' म्हणतात. नाव उगाच पडलेलं नाही. लॅपटॉप उघडला की आधी ब्रश, मग चिमटा, आणि मधून मधून "शी". लोकांच्या लॅपटॉपच्या पोटात काय नसतं म्हणता. केस, नखं, बिस्किटाचा चुरा, एकदा तर झुरळाचं अख्खं बिऱ्हाड निघालं. घरीही पाण्याचा पेला तीनदा विसळल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत. मी लेकीला म्हणायची, तुझ्या नवऱ्याची थेरं पुरे झाली.

आमच्या वरच्या मजल्यावर एक शिक्षिका राहतात. त्यांच्या लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटायचं. जावई आहेत म्हणून मीच भरवशाने त्यांना दुकानात नेलं. जावई त्या दिवशी नव्हते, मालकाने वायफायचं जुनं कार्ड काढून नवं घातलं, आणि होतं ते वायफायही गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आम्ही दोघी हजर. चार वाजता बाईंची नोकरीची मुलाखत त्याच लॅपटॉपवर होती. सहा महिने घरी बसलेली बाई, पर्सचा पट्टा पिळून पिळून दोरी केली होती.

मालक दात कोरत होता. काडीच्या टोकाला काय आलं ते बघायचा आणि परत तोंडात टाकायचा.

"बाई, कार्ड बसतं तो स्लॉटच गेलाय. नवा लॅपटॉप घ्या," तो म्हणाला.

जावई आतून आले. "स्लॉटला काही झालेलं नाही. हे कार्ड त्याला चालतं का, बघितलं होतं?"

"घट्ट बसलं की नाही? मग चालायला काय धाड भरलीय?"

जावयांनी मला सांगितलं ते असं. दिसायला कार्डं सारखी, पण काही आपलं काम आपण करतात आणि काही अर्धंच करतात, उरलेलं लॅपटॉपवर ढकलतात. लॅपटॉपला ते येत नसेल, तर कार्ड नुसतं बसून राहतं.

"आमच्या थोरल्या दिरांसारखं," मी म्हटलं.

"अगदी तसंच, आई. पण ह्या मॉडेलमध्ये दोन्ही तऱ्हा येतात, आणि लॅपटॉपखालची चिठ्ठी घासून कोरी झालीय. जुन्या कार्डावरचा नंबर मिळाला तर ह्याला कुठलं लागतं ते लगेच कळेल. कुठाय ते?"

मालकाने काडीनेच कोपऱ्यातला कचऱ्याचा डबा दाखवला.

तो डबा महिनाभर कुणी उपसला नसावा. वर केळीच्या साली, खाली आंबलेला चहाचा चोथा, त्यात मालकाच्या छाटलेल्या दाढीचे केस. झाकण काढलं आणि बाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

जावयांनी एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा बाईंकडे. मग बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घालून डबा ढवळला. "शी" म्हणाले नाहीत. ओठ मात्र पांढरे पडले होते.

कार्ड घसरत घसरत तळाशी गेलेलं मिळालं, कुणीतरी चघळून थुंकलेल्या च्युइंगमला चिकटलेलं. त्यांनी त्याची नंबराची बाजू पुसून भिंगाखाली धरली. "आपलं काम आपण करणारं. काल घातलं ते अर्धंच करणारं होतं," ते म्हणाले. हात धुऊन मोडीतल्या एका लॅपटॉपातून त्याच तऱ्हेचं कार्ड काढलं आणि बसवलं. पावणेचारला वायफाय लागलं. बाईंनी तिथेच आतल्या खोलीत मुलाखत दिली. पुढे नोकरीही लागली त्यांना.

"आमच्याकडे सगळं असं तपासूनच देतात हं," बाई निघताना मालक म्हणाला.

जावयांनी जुनं कार्ड त्याच्या तळहातावर ठेवलं. च्युइंगमची बाजू खाली.

संध्याकाळी घरी आले ते अर्धा तास न्हाणीतच होते. बाहेर येऊन पाणी मागितलं. त्या दिवशी पेला मीच विसळला, तीनदा.