शिवेवरची लस

मोटारसायकल चालवणं अवघड नाही. ती उचलणं अवघड. हा फरक मला भामनेराच्या जंगलात, ऐन पावसाळ्यात, एका दिवसात समजला, आणि पाठीच्या एका मणक्यानं तो पुढे कधी विसरू दिला नाही.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी गुरांचा डॉक्टर होतो. म्हणजे सरकारी कागदावर डॉक्टरच्या दोन पायऱ्या खाली, पण ज्याच्या हातात सुई तो खेड्यात डॉक्टरच. मुक्काम चिंचवडला. पिंपरीकडे कारखान्यांच्या भिंती नुकत्या उठू लागल्या होत्या. चाकणलाही कारखाने येतील असं कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्याला कांद्याच्या पोत्यावर बसवून गार पाणी पाजलं असतं.

तोवर माझी फिरती सायकलवर आणि सायकल जिथे थकेल तिथून पायी होत असे. त्या वर्षी खात्याला लष्करानं काढून टाकलेली एक मोटारसायकल मिळाली. तिला हिरवा रंग दिला होता. खालचा खाकी रंग कोपऱ्याकोपऱ्यातून डोकावत असे. कचेरीत दोन्ही हात सोडून सायकल चालवू शकणारा मी एकटाच होतो. तेवढ्या पात्रतेवर ती माझ्याकडे आली.

आणि श्रावणात भामनेराच्या टोकावरच्या एका गावातून पाटलाचं पत्र आलं की गुरांना बुळकांडी लागली आहे, तीन जनावरं गेली आहेत. चाकणच्या पश्चिमेला भामा नदीचं हे लांबलचक खोरं जिथे डोंगराला भिडतं, तिथे जंगलात ते गाव होतं. भाताची लावणी अर्ध्यावर होती. बुळकांडीनं जनावर आठवड्याच्या आत जातं, आणि बैल गेले की चिखलणी कशानं करायची, हे पत्रात लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

आमच्याकडे लस होती. ती लहान बाटल्यांतून येई आणि बर्फात असेपर्यंतच ती लस असे. बर्फ गेला की थोड्या वेळात ती मरे. दिसायला जिवंत लस आणि मेलेली लस अगदी सारखी. माणसांतही असं असतं, पण माणसं निदान कधीतरी निवृत्त होतात.

मुंबईहून पार्सल सकाळच्या गाडीनं चिंचवड स्टेशनात आलं. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बाटल्या आणि बर्फ भरला, थर्मास भुशाच्या पेटीत, पेटी मागच्या कॅरिअरवर. हिशेब असा की दुपारी बारापर्यंत गाव, तीनपर्यंत बर्फ. मधे चाकणला पाच मिनिटं थांबायचं होतं, कारण कचेरीतल्या साहेबांचा निरोप होता की बाजारतळावर मोटारसायकलचं स्वागत आहे.

तिथे मांडव होता. मांडवात खुर्च्या होत्या, आणि खुर्च्यांवर कुणी नव्हतं, कारण अध्यक्ष यायचे होते. अध्यक्ष आले ते साडेनऊला. त्यांनी मोटारसायकलला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि मग भाषण सुरू केलं. भाषणात शेतकरी हा राष्ट्राचा कणा होता, बैल हा शेतकऱ्याचा कणा होता आणि ही मोटारसायकल बैलाचा कणा होती. मी साहेबांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "साहेब, बर्फ."

"हो हो, सरबताची व्यवस्था आहे," साहेब म्हणाले.

"लशीचा बर्फ, साहेब."

त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ज्याच्या सहीनं बढती मिळत असे त्याच्याकडे पुन्हा पाहायला लागले. मला निघायला सव्वादहा वाजले. हार काढायचा नाही, वाटेतल्या गावांना दिसला पाहिजे, अशी सूचना होती. पहिल्या वळणाच्या पुढे मी तो काढला आणि एका म्हशीला खायला दिला.

खोऱ्यातल्या पहिल्या पट्ट्यात रस्ता रस्त्यासारखा होता. पुढे बैलगाडीची वाट राहिली, म्हणजे चिखलात दोन खोल चाकोऱ्या, दोन्हींत पाणी. मोटारसायकल चाकोरीत घातली की तिच्यातच न्यावी लागते. बाहेर काढायला गेलं की पुढचं चाक कडेला घासतं आणि आपण आडवे होतो. मी दोनदा असा आडवा झालो. दोन्ही वेळा पहिल्यांदा पेटी पाहिली आणि मग पाय. झाकण उघडून बर्फ पाहायचा मोह होई, पण उघडलं की गार हवा जाते, म्हणून हात मागे घेत असे.

जंगलाच्या अलीकडच्या गावानं मात्र माझी खास सोय केली होती. सरकारी गाडी येणार असं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांची वाट दगडांची होती, ओबडधोबड, पण पावसात पक्की. तिची त्यांना लाज वाटली. आदल्या दिवशी सगळं गाव टोपल्या घेऊन राबलं आणि दगडांवर ढोपरभर नवी माती पसरली. रात्रभर पाऊस पडला. मी पोचलो तेव्हा गावच्या वेशीपासून जंगलापर्यंत सरळ लापशी होती, आणि कडेला लोक हात जोडून उभे.

"कशी झाली वाट, सायब?" एकानं विचारलं.

"फार मेहनत घेतलीत," मी म्हणालो. ते खरं होतं.

तेवढी वाट पार करायला तासाच्या वर लागला. मागचं चाक जागेवर फिरे आणि माझ्याच पाठीवर माती उडवी. तिथे ती चार वेळा आडवी झाली. लोक धावून येत, पण सरकारी वस्तूला हात कसा लावायचा म्हणून कडेला उभे राहून "उजवीकडं घ्या, उजवीकडं" म्हणत. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "चावटपणा पुरे, धरा तिला," आणि चौघांनी ती उचलून जंगलाच्या तोंडाशी ठेवली.

जंगलात ऐन, जांभूळ, हिरडा. वर पाऊस थांबला तरी पानांतून खाली चालूच. पालापाचोळ्याखाली मुळं होती आणि ती चाकाला समजण्याच्या आधी माझ्या मनगटांना समजत. इंजिन तापून वास मारायला लागलं. मला आठवतं की मला काहीच वाटत नव्हतं. जंगल सुंदर असेलही. मी फक्त पुढच्या चार हात वाटेकडे पाहत होतो.

अशाच चार हातांत वाटेच्या मधोमध एक लाकडी गाडा आला. लहान मुलाच्या खेळण्याएवढा, पण खेळणं नव्हे: वर हिरवं खणाचं कापड, बांगड्या, लिंबं, कुंकू. मरीआईचा गाडा. गावात रोगराई आली की तिला गाड्यात बसवून शिवेबाहेर नेऊन सोडायची ही रीत मला पुरती माहीत होती. कडेला उतार होता, वळसा घालायला जागा नव्हती. मी उतरलो, गाडा उचलला, ऐनाच्या बुंध्याशी ठेवला आणि पुढे निघालो. एवढंच. माझ्या अंगात दुसरं काही करायचं त्राण नव्हतं.

अर्ध्या मैलावर ओढा होता आणि ओढ्यापलीकडे दोन झाडांना बांधलेली, आंब्याची पानं ओवलेली दोरी. दोरीच्या मागे आठदहा पुरुष उभे. पुढे पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा.

"थांबा, सायब. चाक हितनं आत न्हाई."

"मग मी चालत येतो."

"मानूसबी न्हाई. पाच दिस शीव बांधलीय. आज दुसरा दिस."

"अहो, मी लस घेऊन आलोय. तुमच्याच पाटलांनी पत्र पाठवलंय."

"पाटील मीच. पत्र धाडलं तवा शीव बांधली नव्हती."

"आणि आता?"

"आता बांधलीय."

पाटलानंच पुढे विचारलं, "येताना गाडा दिसला?"

"दिसला. वाटेत होता, उचलून बाजूला ठेवला."

पाटील हळू आवाजात म्हणाला, "तोंड कुनीकडं केलं?"

मी आठवायचा प्रयत्न केला. गाडा जसा हातात आला तसा ठेवला होता. दांडी गावाकडे होती. मी तसं सांगितलं. खोटं बोललो असतो तर अर्धा तास वाचला असता, हे नंतर सुचलं.

"आई निघाली व्हती, सायबानं परत बलावली," मागून कुणीतरी म्हणालं.

"सरकारचं असंच असतंय, राव. आलेलं हलत न्हाई आन् गेलेलं माघारी येतंय."

दोघंतिघं हसले. पाटील हसला नाही. "जावा आन् तोंड फिरवून या," तो म्हणाला. "हात तुमचा लागलाय. आमाला आता मागं फिरून बगता येत न्हाई."

जंतूंना गाड्याचं तोंड कळत नाही, हे मी सांगू शकलो असतो. पण माझ्या मागे चाकणचा मांडव होता. एका गाड्याला हार घालू दिलेल्या माणसानं दुसऱ्या गाड्याला नावं ठेवू नयेत. शिवाय वादाला लागणारं बळ मी चिखलात घालवलं होतं.

"फिरवून येतो," मी म्हटलं. "पण तोवर सगळी जनावरं या दोरीशी आणा. ती आत राहतील, मी बाहेर राहीन. फक्त माझा हात आत येईल. हाताला चाक नसतं."

पाटलानं दोरीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. "हात चालंल," तो म्हणाला.

मी थर्मास ओढ्याच्या पाण्यात दगडाच्या आडोशाला ठेवला आणि मोटारसायकल मागे वळवली. गाड्याचं तोंड पूर्वेकडे, गावाच्या उलट दिशेला केलं. आलो तेव्हा जनावरं ओळीनं उभी होती.

त्या ओळीला क्रम होता. आधी पाटलाची गुरं, मग त्याच्या भावकीची, मग इतरांची. मी ओढ्याच्या काठावर ओणवा, दोरीखालून हात घालून टोचत होतो. पलीकडे माणसं मानेशी जनावर दाबून धरत. चाळीसेक जनावरं झाली. बर्फाचा खडा आधी लिंबाएवढा होता, मग सुपारीएवढा.

ओळीच्या शेवटी एक बाई दोन बैल घेऊन उभी होती. नवरा गेलेला, म्हणून शेवटी. कुणी तिला मागे ढकललं नव्हतं, ती आपणहून तिथे उभी राहिली होती. बैलाची शिंगं तिनं स्वतः धरली. मी शेवटची बाटली काढायला थर्मासमध्ये हात घातला. बर्फ नव्हता. बर्फ कधी गेला ते मला माहीत नव्हतं. आतलं पाणी ओढ्याच्या पाण्याइतपतच गार उरलं होतं, आणि बाटलीचा गारवा गेला होता.

मी सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण सगळे पाहत होते, पाटलाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान होतं, आणि मला अंधार पडायच्या आत ते जंगल पुन्हा पार करायचं होतं. मी दोन्ही बैलांना टोचलं.

"झालं का?" तिनं विचारलं.

"झालं."

बाराव्या दिवशी मी पुन्हा गेलो. शीव मोकळी झाली होती, मोटारसायकल थेट चावडीपर्यंत गेली. टोचलेली जवळजवळ सगळी गुरं ठीक होती. गाव म्हणालं, आई गेली. कचेरीत साहेबांनी अहवाल लिहून ठेवला होता की मोटारसायकलमुळे लस वेळेत पोचली. मला दोन्हींशी भांडायचं नव्हतं. मी त्या बाईचं घर विचारलं.

गोठ्यात एकच बैल होता.

"दुसरा?"

"गेला. परवाच्या दिशी."

मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि जे त्या दिवशी एका वाक्यात झालं असतं ते सांगितलं. शेवटच्या बाटलीचा बर्फ संपला होता. लस बहुतेक मेलेली होती. मला कळलं होतं.

ती बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"मंग सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "टोचलंय म्हनून मी त्याला समद्या गुरांत चरायला सोडला. न्हाईतर दावणीलाच ठेवला असता. ह्यो लंगडत व्हता म्हनून घरी राह्यला, म्हनून हाय."

"हो," मी म्हणालो.

"एका बैलावर चिखलणी व्हत न्हाई, डाक्टर."

"माहीत आहे."

मी पेटी उघडली. राहिलेल्या बैलाला टोचायचं होतं. सुई भरायच्या आधी तिनं हात पुढे केला.

"औषध जितं हाय का?"

"आहे."

"दावा."

मी थर्मास तिच्यापुढे धरला. तिनं आत बोटं घातली, बर्फाचे खडे एकेक करून चाचपले, बाटलीलाही हात लावून पाहिला. घाई केली नाही. मग बोटं लुगड्याला पुसली आणि बैलाची मान माझ्याकडे वळवून शिंग धरलं.