चांद्याच्या पायावरची खाकी पट्टी

भुताखेतांच्या या सदरात लोक जे लिहितात ते वाचून मी आजवर हसतच आलो. माझी उमेदीची सगळी वर्षं पलटणीत गेली. मढ्यांशेजारी झोपलोय, त्यांच्यासाठी खड्डे खणलेत. भूत दिसायचंच असतं तर मला कधीच दिसायला हवं होतं... दिसलं नाही. हे घडलं तेही भर दुपारी, लख्ख उन्हात, आणि मी पूर्ण शुद्धीवर होतो.

गाव उंब्रजहून पाटणच्या अंगाला, चालत दोन तासांवर. नाव लिहीत नाही, या हकिकतीतल्या घरची माणसं अजून आहेत.

आमच्या गावातून मी आणि ज्ञानू एकाच दिवशी भरती झालो. दोघांनाही खेचरांच्या कंपनीत घातलं आणि ब्रह्मदेशच्या लढाईवर पाठवलं. ज्ञानूच्या हाताला गुण होता. जखमी खेचर दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नसे, ज्ञानूला देई. तो डावखुरा. बँडेजची पट्टी उलट्या बाजूने गुंडाळायचा, शेवटचं टोक दातांत धरून करकचून ओढायचा आणि वरच्या बाजूला खोचायचा. हवालदार ओरडायचा, पण ती पट्टी कधी सुटली नाही. कंपनीतलं कुठलंही जनावर लांबून बघून सांगता यायचं — हे ज्ञानूचं काम.

एका माघारीत त्याच्या मांडीत गोळी घुसली. ऑर्डर होती, थांबायचं नाही. मी त्याला बांबूच्या बेटात टेकवून बसवलं, माझी पाण्याची बाटली दिली आणि म्हणालो, "मागारी येतो रं, हितंच थांब."

"ये गड्या," तो म्हणाला, "पर लौकर ये."

जाता आलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत होतो. गेलो नाही, एवढंच खरं.

सरकारी कागदात 'बेपत्ता' आलं. मी मात्र त्याच्या घरी पत्र टाकलं — गोळी छातीत लागली, जागीच गेला, मी समोर होतो. वाटलं, त्याच्या म्हाताऱ्या आईचं वाट बघणं तरी संपेल. माझ्या त्या पत्रावर घरच्यांनी त्याचे दिवस घातले.

लढाई संपल्यावर मार्गशीर्षात मला लीव्ह मिळाली. उंब्रजला मोटारीतून उतरलो आणि ट्रंक डोक्यावर घेऊन ओढ्याच्या वाटेला लागलो. दोन्ही बाजूंना शाळू पोटरीत आलेला. गाव हाकेच्या अंतरावर राहिलं असताना खालून घरघर ऐकू आली. वाकून बघितलं तर बांधावरून घसरून एक बैल ओढ्यात पडलेला. डोळे खोल गेलेले, नाकाला फेस सुकलेला, पुढचा पाय मोडलेला. कपाळावरच्या पांढऱ्या टिक्क्यावरून ओळखला. ज्ञानूच्या घरचा चांद्या. तिकडे डोंगरात ज्ञानू खेचरांना याच बैलाच्या गोष्टी सांगायचा.

खाली उतरलो. मोडक्या पायाला बांबूच्या कामट्या लावून खाकी पट्टी बांधलेली होती. उलट्या बाजूने गुंडाळलेली. टोक वर खोचलेलं.

मी ते टोक उपसलं. त्यावर दातांचे वण होते. बाकी पट्टी कोरडी ठक्क, टोक तेवढं ओलं... आत्ताच कुणी तोंडातून सोडावं तसं.

पहिल्यांदा मी माझ्या पायांकडे बघितलं. फौजेत पोटऱ्यांना गुंडाळतात त्या माझ्या दोन्ही खाकी पट्ट्या जागच्या जागी होत्या. मग हाक मारली. "ज्ञानू! ज्ञानू रं!" कुणी ओ दिली नाही. वाळूत बैलाच्या घसरल्याच्या खुणा होत्या आणि माझ्या बुटांच्या. तिसऱ्या कुणाचं पाऊल नव्हतं.

ट्रंक तिथेच टाकून मी त्याच्या घराकडे पळालो. त्याचा थोरला भाऊ रामा गोठ्याशी विळ्याला धार लावत बसला होता.

"रामादादा, चांद्याला पट्टी कुणी बांधली?"

"कसली पट्टी? तीन दिस झालं पडलाय त्यो. पाय गेल्याला बैल काय कामाचा? कोण उतरतंय तितं!"

"आवं, पाणी तरी पाजायचं."

"मरायचाच हाय. लांबवायचं कशाला?"

मला संताप आला. शब्द ओठांवर आले आणि मी ते गिळले. हे बोलायला मी कोण होतो?

ज्ञानूची आई दारात उभी राहून ऐकत होती. ती अनवाणी ओढ्याकडे चालू लागली. मागून मी, माझ्या मागून रामा आणि शेजारची चार माणसं. ओढ्यात उतरून ती बैलाशेजारी बसली आणि पट्टीच्या वेढ्यावरून बोटं फिरवत राहिली.

"डाव्या हाताचा येढा हाय ह्यो," ती म्हणाली. "बैलाकडं आला... आन माझ्याकडं न्हाई आला?"

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"किसना, तू त्येला मेल्याला बघितलास?"

तिथेच, सगळ्यांसमोर, मी खरं काय ते सांगितलं. बांबूचं बेट, बाटली, 'मागारी येतो' — सगळं. मला वाटलं ती मारेल, निदान रडेल. तिने नुसतं ऐकून घेतलं.

"म्हंजी न्हाई बघितलास," ती म्हणाली आणि बैलाकडे वळली.

चांद्याला शिडीवर घालून वर काढला. पाय सांधला. लंगडत का होईना, तो पुढे कितीतरी वर्षं जगला आणि म्हातारीच्या हातची वैरण खात राहिला. रामाने मात्र गावभर सांगितलं, "ह्या किसनानंच बांधली. आपलं पाप झाकायला सोंग करतोय." गावाला ते पटलं. मी तरी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? एकदा खोटं लिहिलेला माणूस मी.

म्हातारीला पटलं नाही. त्या वर्षी रामा ज्ञानूचं श्राद्ध घालायला निघाला तर तिने चुलीवरची भांडी अंगणात भिरकावली. त्या दिवसापासून रोज एक भाकरी जास्त थापायची आणि सांजेपर्यंत झाकून ठेवायची. मरेपर्यंत. मी सुट्टीवर आलो की तिच्या दारावरून जायचो. ती माझ्याकडे बघायची आणि आत निघून जायची. माझ्या पत्राने तिचं वाट बघणं संपलं होतं, ते मीच पुन्हा सुरू करून दिलं.

मी पलटणीत अर्ज केले. उत्तर एकच — बेपत्ता. पाटणपासून सांगलीपर्यंत बाजारात, धर्मशाळेत, घाटावर विचारत हिंडलो, लंगडणारा, डावखुरा, फौजेतून आलेला कुणी बघितलाय का. कुणीच नाही.

आज सत्तरी उलटली तरी मला याचा उलगडा झालेला नाही. कुणाकडे लॉजिक असेल तर जरूर सांगा, मी ऐकून घेईन. मेलेल्या माणसाने पट्टी बांधली असेल, तर ज्ञानू त्या बेटात माझी वाट बघत मेला. जिवंत माणसाने बांधली असेल, तर तो तसल्या पायाने घराच्या दारापर्यंत आला, त्याने मला येताना बघितलं आणि तो मागे फिरला.

यातलं कुठलं खरं असावं असं मला वाटतं, हे मला अजून ठरवता येत नाही.