लटलटता हात

मला वाचवलं ते सुभाषदादांनी, अंदमानच्या समुद्राखाली. पाणबुड्यांच्या कामातले जोडीदार म्हणून आमची ओळख त्याच सकाळची. बोटीवर ते घामाघूम झाले होते. माझ्या हवेच्या टाकीची चावी तपासायला आले, तर आठवीतून शाळा सोडून इथं कामाला आलेला मी त्यांचा हात झटकून म्हणालो, "दादा, एवढी भीती वाटते तर घरी बसायचं!"

"घरीही वाटतेच की रे."

चावी मी अर्धीच उघडली होती. खोल गेल्यावर हवा येईना. दादांनी स्वतःची जादा नळी माझ्या तोंडात दिली. हात लटलटत होता, पण वर येईपर्यंत माझा पट्टा त्यांनी सोडला नाही.

मदत धीट माणसंच करतात, असं मला वाटायचं. गावापासून इतक्या लांब मीही रोज भितो, फक्त लपवतो. दादा, तुमच्यावर कधी वेळ आली, तर घाबरत घाबरत का होईना, मी येईन.