आतून वाजलेलं दार

दार लावायची वेळ आली की ते आधी एका पायातली चप्पल काढून फटीत सरकवायचे. डॉक्टरांच्या केबिनमध्ये, मित्रांच्या घरी, प्रभादेवीच्या माझ्या साउंड स्टुडिओतही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण हसतो आणि विसरतो. मीही हसायचो. एका पायात चप्पल घालून हा गृहस्थ लोकांना घाबरवणारा सिनेमा काढायला निघाला होता.

सिनेमा त्यांच्याच भीतीचा होता. लहानपणी विसर्जनाच्या दिवशी ते लालबागच्या चाळीत, गॅलरीच्या टोकाच्या संडासात असताना कुणीतरी चुकून बाहेरून कडी घातली. सगळी चाळ खाली मिरवणुकीत. ढोल-ताशांत त्यांचं दार बडवणं कुणाला ऐकू गेलं नाही. संध्याकाळी आई वर आली तेव्हा सुटका झाली.

"इतकी वर्षं सांभाळलेली भीती आहे, फुकट कशाला घालवू?" ते म्हणायचे. सिनेमात एक माणूस खोलीत अडकतो आणि बाहेर ढोल वाजत राहतात, एवढीच गोष्ट. निर्मात्याने भूत मागितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "कडी आहे ना. आणखी भूत कशाला?"

नटाचं दार ठोठावणं मात्र त्यांना पटेना. "भीती खरी पाहिजे रे," हे त्यांचं पालुपद. शेवटी एका दुपारी म्हणाले, "मीच आत जातो." स्टुडिओमागे सामानाची लहान खोली होती. आत माइक लावला. फटीतली चप्पल त्यांनी स्वतःच उचलून बाजूला ठेवली.

"बाहेरून कडी घाल. मी सावकाश तीन थापा मारल्या की संपलं. लगेच उघडायचं."

"उघडतो."

थोड्या वेळाने तीन थापा आल्या, सावकाश. मी उठलो नाही. इतका खरा आवाज मला आजवर मिळाला नव्हता. मग थापा भराभर यायला लागल्या. "उघड रे." माझं नाव घेऊन हाक. मग आईला हाक. त्या विसर्जनाला कुणाला ऐकू गेलं नव्हतं. मला हेडफोनमध्ये त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

दोनेक मिनिटांनी कडी काढली. शर्ट घामाने चिंब झाला होता.

"थापा ऐकू नाही आल्या?"

"नाही."

त्यांनी माझ्या गळ्यातल्या हेडफोनकडे पाहिलं. "असेल," म्हणाले.

सिनेमात आम्ही थापा आणि श्वास तेवढे घेतले. ऐकून ते म्हणाले, "चांगलं आलंय. ठेव." त्या आवाजासाठी मला बक्षीस मिळालं. टाळ्या वाजवायला ते पुढच्याच रांगेत होते. पण त्यानंतर स्टुडिओत कधी आत आले नाहीत. जिन्यातच थांबायचे. "इथेच बोलू, वारा आहे." त्या जिन्यात वारा कधीच नसतो. खरं सांगून टाकावं असं मला दर वेळी वाटायचं, आणि मी चहा मागवायचो.

गेल्या वर्षी ते गेले. झोपेतच. पंधरा-वीस दिवसांनी वहिनी स्टुडिओत आल्या.

"भावोजी, फोटो ढीगभर आहेत, पण यांचा आवाज घरात कुठेच नाही. तुमच्याकडे काही असेल तर द्या."

माझ्याकडे तेवढंच होतं, त्या दुपारचं. कडी घालण्याआधी त्यांनी माइकशी बोलून पाहिलं होतं. "एक, दोन... येतंय का नीट? तू जेवलास का रे?" मी तेवढाच तुकडा कापला आणि वहिनींच्या फोनवर पाठवला.

त्यांनी उभ्या उभ्याच ऐकलं. जराशा हसल्या. पुन्हा लावलं, फोन कानाशी धरून.

"पुढे काही बोलले नाहीत?"

"नाही," मी म्हणालो.