कॉटच्या जागेवर

जागा वाया गेलेली मला बघवत नाही. माझं माहेर हुपरीचं. चांदीचं काम घरातच चालायचं. दिवसभर ज्या खोलीत पैंजण घडायचे, तिथंच संध्याकाळी फरशी झाडून, झाडलेला कचरा चांदीच्या कणांसाठी डब्यात भरून, आमची अंथरुणं पडायची. सहा माणसं, एक खोली. अमकी जागा अमक्याची, असं काही असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

हे गेल्यावर फुलेवाडीच्या घरात मी आणि लेक, दोघीच राहिलो. तिला पुण्यात नोकरी लागली. जाण्याआधी तिनं स्वतःच्या खोलीत, कॉटशेजारी, लोखंडी अँगलचा पाच कप्प्यांचा रॅक उभा केला. प्रत्येक कप्प्याला दिव्याची नळी, खाली नारळाच्या भुशाचे ट्रे. "आई, ह्यात पालेभाजी येती. तुझा येळ जाईल," म्हणाली. वेळ कसला जातोय, मी तर पेटलेच.

लेट्यूसला दोन वीत उंची लागते, मोहरीच्या कोवळ्या रोपांना एक वीत पुरते. मग सगळे कप्पे सारख्या अंतरावर कशाला? नट सैल करून मी पाचाचे सात कप्पे केले. रॅक वाढले तशी त्यांना चाकं लावली. हवा तो रॅक ढकलायचा आणि तेवढीच वाट करायची, म्हणजे प्रत्येक दोन रॅकच्या मध्ये जागा सोडायला नको. पेरलेले ट्रे पहिले तीन दिवस अंधारात ठेवावे लागतात, ते कॉटखाली सरकवले. गावातली दोन हॉटेलं माल घ्यायला लागली. तिसऱ्यानं विचारल्यावर खोलीत नजर फिरवली, तर काहीच न पिकवणारी एकच वस्तू उरली होती, कॉट. मी ती खोलून गच्चीवर ठेवली आणि तिथं सहावा रॅक बसवला. लेकीला फोनवर सांगितलंही, चांगलं मिरवून. ती म्हणाली, "बरं केलंस."

गणपतीला ती पाच दिवसांची रजा काढून आली. मी रॅक ढकलून मधल्या वाटेत तिचं अंथरूण घातलं, हुपरीला घालायचो तसं. वर दिवे, बाजूला ट्रेंना पाणी देणाऱ्या पंपाची घरघर. तिनं दारातूनच बघितलं. "मला सोफा बास हाय, आई. तुझ्या रोपास्नी तरास नको." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. दोन दिवस ती बॅगेतूनच कपडे काढत राहिली, कारण ते ठेवायला तिला घरात एक कप्पा नव्हता. माझ्याकडं बेचाळीस होते. तिसऱ्या दिवशी ऑफिसचं काम निघालं म्हणाली आणि गेली.

त्यानंतर ती आली नाही. फोन रोज येतो, पण दिवाळी गेली, संक्रांत गेली. मला तिची इतकी आठवण येते की भाजी कापताना हात थांबतात. कॉटवर आडवी पडून भिंतीला पाय लावायची तिची सवय होती. टाचांचे डाग पडले होते भिंतीवर. रॅक बसवताना त्यावर मी रंग मारला. आता तो खरवडून काढावासा वाटतो.

गेल्या आठवड्यात मी सहावा रॅक काढला. त्यातलं लेट्यूस तयार व्हायला दहा दिवस होते, तरी थांबले नाही, शेजारीपाजारी वाटून टाकलं. तिसऱ्या हॉटेलला सांगितलं, यापुढं माल मिळणार नाही. मॅनेजर म्हणाला, "का वो मावशी, जागा कमी पडाय लागली?"

"व्हय," म्हटलं.

गच्चीवरची कॉट गंजली होती. घासून, रंगवून ती परत जागेवर लावली आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर लेकीला दाखवली. मग माझीच लेक ती, म्हणाली, "खाली ट्रे का न्हाय ठेवलंस? जागा वाया चाललीया की."

"जाऊ दे वाया," म्हटलं. "तू ये."

स्वतःच्या घरी यायला लेकीला बोलवावं लागतं, असं मला कधी वाटलंच नव्हतं. तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.