मल्लप्पाची खताची गाडी

मैलूरच्या आमच्या गल्लीत मल्लप्पाची रेड्याची गाडी सकाळी साडेसातला यायची. होती नगरपालिकेची कचरागाडी, पण मल्लप्पा कचरा हा शब्द तोंडात येऊ द्यायचा नाही. "खताची गाडी आली, अक्का," अशी हाळी द्यायचा. गावाबाहेर तांबड्या मुरमात पाच खड्डे होते. त्यांत ओला पाला, शेण, राख असे थर घालून वर माती लिंपली, की सहा महिन्यांनी काळंभोर खत. सरकारची योजनाच होती ती. आमच्याकडे ती चालली ती मल्लप्पाच्या नादिष्टपणामुळे.

सत्तर-बहात्तरच्या सुमारास त्याने घरोघरी एकेक पत्र्याचा डबा दिला. फुटक्या कपबशा, ब्लेडं, काच त्यात; बाकीचं गाडीत. शेजारच्या सत्यभामाबाई म्हणाल्या, "मल्लप्पा, आज काच निराळी मागायलास, उद्या वरण निराळं नि भात निराळा मागशील."

"द्या की. ते हितंच बसून खातो."

खत न्यायचे निर्णा गावचे शेतकरी अंकुशराव. त्यांचा ट्रॅक्टर तूर घेऊन बाजाराला यायचा आणि जाताना खत भरून न्यायचा. एका वैशाखात मात्र तो खड्ड्यांवरून तसाच पुढे गेला. शेतात खत पसरताना अंकुशरावांच्या बायकोच्या, नागूबाईंच्या टाचेत काच शिरली होती. महिनाभर पाय टेकवता आला नाही. त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं, शहराची घाण आपल्या रानात नको. आणि दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच. नगरपालिकेचे साहेब म्हणाले, वर्षभरात कोणी खत उचललं नाही तर खड्डे बुजवू.

दुसऱ्या दिवशी मल्लप्पाने आमच्या ओट्यावर कागदाची पुडी उघडली. खड्ड्यातून चाळून काढलेले तुकडे होते. हिरवे, बारीक, वळणदार.

"डबा दिलाव ना, अक्का? मग ह्ये कामून आलं?"

त्यातले दोन-चार माझेच असतील. बांगडी पिचली की आम्ही ती वाढवली म्हणतो, आणि तुकडे कोणाच्या नजरेला पडू देत नाही. दारातल्या फुटक्या कपबशांच्या डब्यात ते टाकणार कोण? सासूबाईंनी मला शिकवलं होतं, भाजीच्या पानात गुंडाळून ओल्या पाल्यात टाकावेत. गल्लीतली प्रत्येक बाई तेच करत होती. बी.ए. झालेली मीसुद्धा.

चाचरत का होईना, सांगितलं. मल्लप्पा रेड्याची पाठ खाजवू लागला. "माझी बी बायको तसंच करती असल," म्हणाला.

चार दिवसांनी गाडीच्या दांडीला एक नवं मडकं टांगलेलं दिसलं. तोंडाला कापड, कापडाला हात जाईल एवढी फट, आणि वर हळदकुंकवाची बोटं. "आत काय हाय ते मी बी बघत न्हाई," तो गाडीकडे पाठ करून म्हणाला. "भरलं की कासाराकडं जातंय. तिथनं भट्टीत. परत बांगड्याच व्हत्यात." सत्यभामाबाई सगळ्यांत आधी पुढे झाल्या.

पुढच्या वैशाखात मल्लप्पा स्वतः निर्ण्याला गेला. अंकुशरावांनी एका पट्टीपुरत्या दोन ट्रॉल्या घेतल्या. नागूबाईंनी मात्र सांगितलं, "त्या पट्टीत मी पाय घालणार न्हाई." आणि नाहीच घातला. पेरणी झाली, बैलांनी कोळपणी झाली, तरी नागूबाई बांधावरूनच बघत राहिल्या.

वेळ अमावस्येला, मार्गशीर्षात पिकाची पूजा करून रानातच जेवायच्या सणाला, अंकुशरावांनी रीतीप्रमाणे बोलावलं. गल्लीतल्या आम्ही चौघीजणी मल्लप्पाबरोबर गेलो. कडब्याच्या खोपीत पूजा झाली, आंबिलीचं मडकं समोर होतं. पण मल्लप्पाचं लक्ष त्या पट्टीकडे. तिथली ज्वारी शेजारच्या ज्वारीहून हातभर उंच होती. नागूबाई काही तिकडे बघेनात.

मल्लप्पाने वहाणा काढल्या आणि ज्वारीत शिरला. सावकाश, पाय घासत चालला, जणू टाचेनं काहीतरी शोधतोय. सत्यभामाबाईंनी चपला सोडल्या. मग मीही. गार, मऊ माती बोटांमधून वर आली. या मातीत आपल्या घरची सालं आहेत, असं मनात आलं आणि उगीचच हसू फुटलं.

मागे पानं सळसळली म्हणून वळून पाहिलं. नागूबाई येत होत्या. पहिली काही पावलं चवड्यावर, मग अख्खा पाय टेकून. पार पलीकडच्या बांधापर्यंत गेल्या, बांधावर बसून दोन्ही तळपाय उलटे करून बघितले, माती झटकली.

खोपीत परत आल्यावर त्यांनी मल्लप्पाच्या पानात सणाची पालेभाज्या-शेंगांची भज्जी वाढली, वर तेल घातलं.

"खड्ड्यात अजून किती ट्रॉल्या हायत रं?"

"सात व्हतील, अक्का."

"मग दुसऱ्या कुणाला सांगू नको," असं म्हणून त्यांनी त्याच्या पेल्यात आंबील ओतली.