खाकी पँटीचं स्टूल

बायकोच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला स्वयंपाकघरात फार वेळ उभं राहायला मनाई केली. जमिनीवर विळी घेऊन बसणं तर कायमचंच बंद. मांडवीतल्या आमच्या घरात मासळीला तिच्याशिवाय कुणी हात लावलेला नव्हता. आता शेजारीण रोज डबा पाठवू लागली. कालवण चांगलं असायचं, पण बायको दोन घास खाऊन ताट सरकवायची. "मी ह्या घरात पाहुणी झाले," असं ती एकदा म्हणाली. ते मला फार लागलं.

ओट्याशी बसून काम करता येईल एवढ्या उंचीचं एक जुनं स्टूल घरात होतं. लाकूड सागवानी, पाय भक्कम. वरचं रेक्झिन मात्र फाटलेलं आणि आतल्या फोमचा भुगा सांडत होता. कुशनच्या दुकानदाराने त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. "टाकून द्या काका, प्लॅस्टिकचं घ्या," म्हणाला. माझं डोकंच फिरलं. उभा जन्म लाइनमनची नोकरी केली, वादळानंतर चिखल तुडवत जाऊन खांब चढलो, आणि मला एक स्टूल जमू नये? तसंच उचलून घरी आणलं.

कापड घरातच होतं. माझ्या नोकरीतल्या खाकी पँटी गुडघ्यांवर विरल्या होत्या, पण पोटरीकडची बाजू अजून ताडपत्रीसारखी होती. शिवणी उसवून तुकडे जोडले. आत भरायला फोम आणावा, तर परसात नारळाची सोडणं ढिगाने पडलेली. घरचं असताना विकत आणायचं म्हटलं की आम्हा कोकणातल्या माणसांच्या अंगावर काटा येतो. सोडणं कुटली, पिंजली, निघालेला काथ्या उन्हात वाळवला आणि ठासून भरला. कापड ताणायला पक्कड घेतली. आयुष्यभर तारा ताणल्या, तिथं कापडाची काय कथा! एक सुरकुती राहू दिली नाही. कडेने बारीक चुका ठोकल्या त्याही सरळ ओळीत. खोटं कशाला बोलू, मी स्वतःवरच बेहद्द खूश झालो.

"बस गो," मी ऐटीत म्हटलं.

ती बसली आणि ओट्याला धरून तशीच उठली. "अहो, टोचतंय मेलं! आत काय साळिंदर भरलंत?"

खाकी जाड खरी, पण काथ्याची टोकं तिच्यातूनही वर आली होती. "होईल सवय," मी म्हटलं. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने चुका उपटायला बसलो. "मधे गोधडी घाला की. एवढं पण कळत नाय?" ती म्हणाली. जुनी गोधडी चौघडी करून काथ्यावर घातली आणि खाकी पुन्हा ताणली.

या वेळी ती बसली ती बसलीच. जरा इकडेतिकडे हलून पाहिलं, कापडावरून हात फिरवला. "ही तुमची पँट ना?"

"माझीच."

"एवढी वर्षं घासून घासून धुतली. आता बसते हिच्यावर," ती म्हणाली, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा खळखळून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने मला बाजारात पिटाळलं. मी बांगडे आणले. तिला विळीची सवय, त्यामुळे सुरीने सुरुवातीचे तुकडे वाकडेतिकडे झाले, मग हात बसला. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "तुम्ही बाहेर व्हा." इतक्या दिवसांनी हाकललं, त्याचंही मला बरंच वाटलं.

संध्याकाळी शेजारीण चौकशीला आली. मी पडवीत पेपर वाचत होतो. आत बोलणं चाललं होतं, आणि ती बोलता बोलता स्टुलावर टेकायला गेली असावी.

"तिथे नको गो, ती माझी जागा," बायकोचा आवाज आला. "आमच्या ह्यांनी करून दिलेली. तू खुर्ची घे. आणि उद्यापासून डबा नको पाठवू हां. मी आहे ना."

मी पेपर तसाच धरून बसलो. वाचलं काहीच नाही, पण छाती चांगली वीतभर फुगली होती.